फेट्यावरची काच

घाटनांदूर
११ ऑगस्ट २०२४

चि. शिवकन्या हिस सुंदरमामाचा आणि मामीचा भरभरून आशीर्वाद.

शेजारच्या हनुमानच्या फोनवर तुझा निरोप आला. त्यानं फोन माझ्या कानाला लावला, पण हल्ली फोनवरचं बोलणं मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. शेवटी तोच माझ्या कानात ओरडला, "आप्पा, कनूला तुमची ती राकेटची पानं पायजेत." चार घरांतली माणसं बाहेर आली. म्हणून म्हणतो, आपलं पत्रच बरं. तूही पत्रच लिही. जावईबापूंना सांग, पोस्टाचा पत्ता अजून तोच हाय.

पानं पाठवतोय. ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली होती, वाळवी लागलेली न्हाई. सोबत भिंतीचा फोटो आहे, हनुमाननं काढलेला. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या राकेटच्या कंपनीतल्या लोकांना दाखवायचं म्हणतेस तर नीट लिहून देतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी सातवी शिकलेला, डब्यांवरची अक्षरं गिरवून गिरवून पेंटर झालेला. स्टेशन रोडला रामप्रसादशेठचं किराणा दुकान. पुड्या बांधायला त्यांच्याकडं सिकंदराबादहून रेल्वेनं रद्दी यायची. त्यात अमेरिकेची जुनी मासिकं निघाली. जाड, गुळगुळीत पानं, आणि एकेका पानावर हातानं रंगवलेलं चित्र. असे रंग मी जन्मात बघितले नव्हते. शेठ त्याच वेळी पाण्याची ऑइल इंजिनं विकायला लागले होते. मला म्हणाले, "सुंदर, भिंतीवर असं इंजिन काढ की बघणाऱ्याला तहान लागली पायजे."

एका पानावर मला इंजिन सापडलं. देवळातल्या घंटेसारखं तोंड, वर नळ्याच नळ्या, आणि तोंडातून निळापांढरा झोत. इंग्रजी येत नव्हतं. मी म्हणलं, हे पाणी. खालची जमीन करडी, ओसाड. मी म्हणलं, हा आपलाच माळ. बाजूला फुगीर पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस, डोक्यावर काचेचा गोल. मी म्हणलं, फवारणीवाला असंल, औषध नाकात जाऊ नये म्हणून काच घातली. मी त्याला धोतर नेसवलं, फेटा बांधला. पण काच तशीच ठेवली. न जाणो, इंजिनासोबत तीही मिळत असंल.

वीस-बावीस वर्षं कुणी काही बोललं न्हाई. तुझे आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की तू आमच्याकडं राहायचीस. नववीत होतीस. ट्रंक उचकून पानं काढलीस, बोट ठेवून इंग्रजी वाचलंस आणि म्हणालीस, "मामा, हे इंजिन पाण्याचं न्हाई. हे चंद्राकडं जायचं हाय." आपण तिघं इतकं हसलो की मामी पिठाच्या हातानंच डोळे पुसायला लागली. तिथूनच तुला राकेटचं वेड लागलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

मला बदल्यात काही नको. एकच कर. चित्राखाली लिही, सुंदर पेंटर, घाटनांदूर. आणि कुणी विचारलं तर सांग, हे माझे मामा. पन्नास वर्षं दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत लिहिली. एकदा माझं नाव कुणी लिहिलेलं बघायचं हाय.

तुझा
सुंदरमामा


बंगळुरू
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामा व मामी यांस शिवकन्याचा नमस्कार.

(नमस्कार लिहिला म्हणून रागावू नका. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानं भाचीच्या पडायचं असतं, हे माहीत आहे. पत्रात तरी पडू द्या.)

पानं सुखरूप पोचली. मामा, ही पानं किती मोलाची आहेत हे तुम्हाला कळायचं नाही. ती चित्रं काढली तेव्हा त्यातलं एकही यान उडालेलं नव्हतं. इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या चित्रकारांना सांगायच्या, पुढं काय होणार ते काढा, आणि मासिकांत छापायच्या. गिऱ्हाइकासाठी नाही, कारण असलं इंजिन कोण विकत घेणार. शिकलेली हुशार पोरं नोकरीला यावीत आणि सरकारचं लक्ष जावं म्हणून. नसलेल्या गोष्टीची जाहिरात, असं म्हणा ना.

आमच्या कंपनीच्या वर्धापनदिनाला या जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन आहे. प्रसिद्धीचं काम माझ्याकडं असल्यामुळे सगळी मांडणी मीच करतेय. मोठ्या केलेल्या अमेरिकन जाहिरातींच्या मधोमध तुमच्या भिंतीचा फोटो, भिंतीएवढाच मोठा. आमचे मुख्य विजयसिंह सर तो बघून खुर्चीत बसले ते उठेचनात. सगळ्यांना फार आवडलं. लोक खूप हसले, म्हणजे खूश झाले.

नावाचं बघते. इथं प्रत्येक पाटी चार माणसांच्या हाताखालून जाते, त्यामुळे वेळ लागतो.

मामीच्या गुडघ्याचं कसं आहे? तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची
कनू


घाटनांदूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. कनूस खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं तर मामी म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. मग हनुमानच्या घरी वाचलं. मग तेलगावला तुझ्या आईबापाकडं गेलतो, तिथं वाचलं. शहादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पाव्हणं, तुमची चूक आता बंगळुरात टांगली." मी म्हणलं, "टांगू द्या की. तुमची पोरगी टांगतेय." तुझी आई रुक्मिणी तोंडाला पदर लावून हसत होती. मग पदर डोळ्याला गेला.

लोक हसले म्हणतेस. हसू दे. ती भिंत हसण्यासारखीच हाय. तूच पहिली हसलीस.

स्टेशन रोडला आता रामप्रसादशेठचा नातू बसतो. त्याला भिंतीवर मोबाइलची जाहिरात काढायची होती. मी त्याला म्हणलं, "बाबा, ही भिंत आता बंगळुरात गेली हाय, हिला हात लावू नको." तो थांबला. चहा पाजला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आजोबा म्हणाला.

पाटी लागली की तिचा फोटो पाठव. घाई न्हाई. पण पाठव. गावात विचारणारे विचारतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच जास्त बघायचंय. अक्षर कुणी काढलं तेही कळव. छापलेलं असंल तर असू दे, तक्रार न्हाई.

दिवाळीला जमलं तर या. न्हाई जमलं तर फराळ पोस्टानं येईल.

मामा


घाटनांदूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस आशीर्वाद.

फराळ पोचला असंल. फोटोची वाट बघत होतो. तो आला न्हाई, दुसरंच आलं.

हनुमानची सायली बारावीला हाय. तिला फोनवर तुमच्या प्रदर्शनाचा व्हिडिओ सापडला. पळत घेऊन आली, "आप्पा, कनूताई हाय यात." तू काळ्या साडीत स्टेजवर उभी होतीस. मागं माझी भिंत. मामीनं फोनवरच तुझी दृष्ट काढली.

तू इंग्रजीत बोलत होतीस. मी सायलीला म्हणलं, काय म्हणते ते सांग. ती म्हणाली, "मला नीट कळलं न्हाई आप्पा." पोरगी बारावीला इंग्रजीत पहिली येते. मी तिला समोर बसवलं. मग तिनं खाली मान घालून एकेक वाक्य सांगितलं. तू म्हणालीस, मराठवाड्यातून जाताना गाडीच्या खिडकीतून ही भिंत दिसली. म्हणालीस, खेड्यातला कुणी अनाम पेंटर, त्याला बिचाऱ्याला राकेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग काचेच्या फेटेवाल्यावर काहीतरी म्हणालीस. ते सायलीनं सांगितलं न्हाई, पण लोकांचं हसणं मला या कानांनीसुद्धा ऐकू आलं.

भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली माझी सही हाय. तुमच्या चित्रात तो कोपरा न्हाई.

कनू, सायलीला चुकीचं कळलं असंल का? तसं असंल तर एका ओळीचं पत्र टाक. मी तिला सांगीन, तुझं चुकलं म्हणून.

मामा


बंगळुरू
१५ डिसेंबर २०२४

ती. मामा,

सायलीला बरोबर कळलं.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आता जसं घडलं तसंच लिहिते.

पहिल्या दिवशी मी फोटो टेबलावर ठेवला तेव्हा तुमचं नाव सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात विजयसिंह सर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच. एक जण म्हणाला, या माणसाला काच घालून चंद्रावर पाठवा, तिथं विहीर खणेल. सरांनी विचारलं, हे कुठं मिळालं? आणि माझ्या तोंडातून निघालं, प्रवासात दिसलं. का निघालं ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ते सगळ्या ऑफिसला माहीत झालं होतं, शिवकन्यानं शोधलेली भिंत म्हणून.

इथं माझं शिक्षण विचारतात, घर कुणी विचारत नाही. एकदा कुणीतरी विचारलं तर मी म्हटलं, वडील साखर कारखान्यात होते. खोटं नाही ना ते? पण त्यांना खुर्चीतला माणूस दिसला, हातात कोयता घेतलेला नाही. मी तो तसाच दिसू दिला. त्यानंतर मामा पेंटर आहेत, ही भिंत त्यांची आहे, त्याच घरात मी वाढले, हे सगळं एकदम कुठून काढू?

आता अवघड गोष्ट. कंपनीला भिंतीवर छोटी फिल्म करायची आहे. जानेवारीत आम्ही चौघं येणार, सरही येतील. पेंटर सापडले असं मी सांगितलंय. म्हणजे तुम्ही सापडलात. तुमचं नाव फिल्ममध्ये येईल, मोठ्या अक्षरांत, मी बघते.

फक्त त्या दिवशी त्यांच्यासमोर मला कनू म्हणू नका. माझ्या पाया पडू नका. मामीलाही सांगा. मी कंपनीकडून आलेली बाई, एवढंच. एक दिवस, मामा. त्यानंतर मी सावकाश सगळं नीट करते.

रागवा, पण नाही म्हणू नका.

शिवकन्या


घाटनांदूर
२ जानेवारी २०२५

चि. शिवकन्या हिस,

या.

मी मामीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कावून?" मी म्हणलं, का ते विचारू नको. तिनं परत विचारलं न्हाई. भाकरी मात्र तव्यावर करपली.

गावात काय सांगायचं त्याची काळजी करू नको. हनुमानला बोललोय, सायलीलाही. स्टेशन रोडला तू कुणाला दिसणार न्हाईस अशा वेळी गाडी आणायला सांग. दुपारी दुकानं मिटलेली असतात.

मामी विचारते, पाहुण्यांना चालंल असं जेवण करायचं का तुला आवडतं तसं. मी म्हणलं, पाहुण्यांना चालंल असं. कनूसुद्धा त्या दिवशी पाहुणीच हाय.

नाव मोठ्या अक्षरांत न्हाई आलं तरी चालंल.

मामा


बंगळुरू
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा आणि मामी,

येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद काढते आणि ठेवते.

तुम्ही दारात हात जोडून उभे होतात. "या मॅडम." मी उंबऱ्यावर पाय ठेवला की तुम्ही पाया पडायला वाकता, मी ओरडत मागं पळते, इतकी वर्षं हेच चाललंय. त्या दिवशी मी उंबऱ्याशी एक क्षण थांबले. तुम्ही बाजूला झालात आणि सरांना आधी आत घेतलंत. मामीनं सगळ्यांना पाणी दिलं. मला सगळ्यांत शेवटी, ताटलीत पेला ठेवून. त्या घरात मी कधी ताटलीतून पाणी प्यायले नव्हते.

सर जे विचारतील ते तुम्ही सांगत होतात. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून मी ओरडून प्रश्न सांगत होते आणि तुम्ही "व्हय मॅडम", "न्हाई मॅडम" म्हणत होतात. हे इंजिन पाण्याचं नाही हे तुम्हाला कधी कळलं, असं सरांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "घरातल्या एका पोरीनं सांगितलं." ती कुठं असते, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ती आता इकडं येत न्हाई."

मग ती काच. देवाशपथ मामा, ती गाडीत आहे हे मला माहीत नव्हतं. सरांना गंमत सुचली होती. भिंतीसमोर तुम्हाला फेटा बांधला, वरून तो प्लास्टिकचा गोल घातला. आत तुमच्या श्वासाची वाफ धरत होती. सगळे हसत होते, स्टेशन रोडची पोरंही. कॅमेऱ्यात तुम्ही मधोमध येत नव्हतात. मी म्हटलं, "काका, जरा डावीकडं." तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून ते मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

तेवढ्यावर भागलं नाही. निघताना आमची कॅमेऱ्यावरची आरोही आत मामीला भांडी उचलू लागत होती. तिचं नुकतंच लग्न झालंय. ती म्हणाली, तुम्हाला मामी म्हणू का, माझी मामी अशीच दिसते. मामीनं तिला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, खण आणि नारळ घेऊन तिची ओटी भरली, तांदूळ घातले, कानशिलांवर बोटं मोडली. मी दाराशी उभी होते. तो हिरवा खण मामीनं कुणासाठी आणला होता ते मला कुणी सांगायला नको होतं. मामीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चिडल्या असत्या तर बघितलं असतं.

गाडीत आरोही म्हणाली, "किती मायाळू लोक आहेत ना गं." मी हो म्हटलं.

मामा, आता ऐका. सरांना मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे. एप्रिलमध्ये इथं फिल्म दाखवतील, मोठा कार्यक्रम आहे. तुमची आणि मामीची तिकिटं मी काढते. तुम्हाला स्टेजवर बोलवीन आणि सगळ्यांसमोर सांगीन, हे माझे मामा, यांनी मला वाढवलं. सगळे उभे राहतील, बघा तुम्ही. फिल्ममध्ये तुमचं नावही आहे, मी डोळ्यांनी बघितलंय.

नुसतं "येतो" एवढंच लिहा.

तुमची कनू


घाटनांदूर
२ मार्च २०२५

सौ. शिवकन्या मॅडम यांस,
सुंदरराव पेंटर, घाटनांदूर यांचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्हाला येता येणार नाही. तिकिटं काढू नयेत.

आपण म्हणालात तसंच आम्ही केलं. आपल्या साहेबांना काही कळलं नाही. स्टेशन रोडला कुणी काही बोललं नाही. त्यात कमी राहिली असल्यास कळवावं.

त्या काचेबद्दल आपण मनाला लावून घेऊ नये. काच माझीच होती, मीच आधी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली. आत श्वासाची वाफ धरली की बाहेरचं सगळं पांढरं दिसतं. नुसती हसणारी तोंडं दिसतात आणि सगळी एकसारखी. त्यातलं आपलं तोंड कुठलं ते मी बराच वेळ शोधत होतो. काच काढल्यावर कळलं की आपण हसत नव्हतात. ते बघून बरं वाटलं न्हाई. हसला असतात तर मी म्हणलो असतो, पोरीला गंमत वाटली.

स्टेजवर आपण आमचं नातं सांगणार म्हणता. सांगू नये. आता सगळे उभे राहतील, हे आपणच लिहिलंय. माणसं उभी राहणार हे ठाऊक असताना नातं सांगायला काय लागतं? ते विजयसिंह साहेबांच्या टेबलाशी सांगायचं होतं, सगळे हसत होते तेव्हा. तेव्हा मला तिथं एक माणूस हवं होतं. एप्रिलमध्ये मला कुणी नको.

फिल्ममध्ये नाव असल्याचं कळवलंत. मी ते बघणार न्हाई. इथं कुणी दाखवायला आलं तर नको म्हणीन. आपल्या आईवडलांना मी काहीच सांगितलेलं न्हाई. त्यांना वाटतं आपल्याला रजा मिळाली न्हाई, म्हणून आपण इकडं आलाच न्हाईत. शहादेवराव परवा विचारत होते, पाटीचा फोटो आला का. मी म्हणलं, आला, लई छान आला. आयुष्यात त्यांच्याशी मी खोटं बोललो न्हवतो. ते तुमच्यासाठी बोललो. तेवढं आपण त्यांच्याकडं निभावून न्यावं.

रामप्रसादशेठच्या नातवाला मी सांगितलं, भिंत तुझी हाय, तुला वाटंल ते काढ. तो म्हणाला, कंपनीची माणसं येऊन गेली, आता कशाला पुसायची. म्हणजे आता मी सांगूनही ती जायची न्हाई. राहू दे.

आपला,
सुंदरराव पेंटर

ता. क. — मामी इथं चुलीपासून उठून माझ्या मागं येऊन उभी हाय आणि खाली एक ओळ लिही म्हणते. मी न्हाई म्हणलं. ती हलंना. म्हणून लिहितो. ती म्हणते, ओटी राहिली हाय, एकटी ये, गाडी आणि माणसं न आणता ये, पोरी. हे मामीचं. माझं वर संपलं.